दाढीवाल्याचा हात

सक्करदरा, नागपूर
२५ फेब्रुवारी १९७३

प्रिय कुसुमताई,

मिरची घेऊन आलेले गणपतराव काल आईला भेटले. त्यांच्याकडून कळलं की भिवापूरला सिनेमाचा तंबू लागलाय आणि त्यात घोडेस्वारांचा एक इंग्रजी सिनेमा येणार आहे. त्यांच्या वर्णनावरून तो तोच असावा, जो इथे सदरच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला लागला आहे. जुना सिनेमा आहे, मी मात्र आत्ताच पाहिला. माझी मैत्रीण लतिका घेऊन गेली. बाबांना मी खोटं काही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बी.ए. झाली, आता घोडे पाहाचे राहिले होते," आणि जाऊ दिलं.

ताई, तू तो नक्की पाहा. गोष्ट सांगते, म्हणजे इंग्रजीची अडचण यायची नाही. उजाड माळावरून छकड्यातून एक कुटुंब चाललेलं असतं. त्यांच्यावर दरोडा पडतो. लहान मुलगा छकड्याखाली लपतो, त्याला फक्त बूट दिसतात. मरता मरता आई त्याच्या कानात सांगते की मारणारा डावखुरा होता. (एवढं वाक्य मला थेट इंग्रजीतून कळलं. बाकी ते लोक तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात. लतिकाला सगळं कळत होतं, म्हणून मीही मान डोलावत होते.) मुलगा मोठा होतो आणि गावोगाव फिरून माणसांचे हात पाहतो. चेहरे नाही, हात. एका गावात त्याचा दोघांवर संशय जातो, एक दाढीवाला लोहार आणि एक टोपीवाला डॉक्टर. तो घाई करत नाही. कोण कोणत्या हाताने पेला उचलतो, कोण कोणत्या हाताने दार लोटतो, हे पाहत बसतो. शेवटी भर रस्त्यात लोहाराला गाठतो. एकच गोळी. लोहाराची बायको दारात येते, तिचे हात कणकेने भरलेले असतात. तो घोड्यावर बसून निघून जातो.

यमुताईंकडे दर शनिवारी आम्ही काही जणी जमतो, प्रत्येकीने एखाद्या पुस्तकावर बोलायचं असतं. मी या सिनेमावर बोलणार आहे. सूड म्हटलं की आपल्याला वाईट वाटतं, पण खात्री होईपर्यंत थांबलेला सूड म्हणजे न्यायच, असं मला मांडायचं आहे.

सिनेमा पाहताना सारखी तू आठवत होतीस. तुझं मागचं पत्र मी परत वाचलं. जानेवारीत तुमच्या वाळत घातलेल्या मिरचीला कोणी आग लावली, तेव्हा तू शेतात राखणीला, धोतरं बांधून केलेल्या पालात बसली होतीस, मावळत्या उन्हात पालावर माणसाची सावली पडली, डावा हात वर झाला आणि पेटती चिंधी मिरचीवर पडली. गावात डावखुरे एकटे नत्थूजी, आणि त्याच आठवड्यात भाऊजींचं आणि त्यांचं वाळवणाच्या जागेवरून भांडण झालेलं. आता भाऊजी म्हणतात की वैशाखात नत्थूजींच्या पुष्पलताचं लग्न लागताना वऱ्हाडासमोर हे सांगायचं आणि साक्ष तू द्यायची. तुला झोप लागत नाही असं तू लिहिलंस. लग्न मोडेल हे मलाही दिसतं. पण ताई, डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला भीती कसली?

तुझी
शामला


भिवापूर
११ मार्च

चि. शामला,

तुझं पत्र आलं आणि तंबूत पिक्चरही लागलं. आम्ही साऱ्याजणी गेलो. बायजाबाई शेजारची, तिच्या दोन्ही सुना, मी. तू गोष्ट लिहिली होती ते बरं केलं, पण इथे भैयाजी तंबूवाला माइकवर सांगतच राहते. घोडा दिसला की म्हणते, "हा पाहा घोडा." आई मरते तेव्हा त्यानं जोरात सांगितलं, "डाव्या हातानं मारलं, बाळा, डाव्या हातानं." साऱ्या बायका रडल्या.

आता मले एक सांग. तू शिकलेली आहे म्हणून विचारते. त्यानं दाढीवाल्याले काहून मारलं?

मले तर काहीच समजलं नाही. ते गोरे लोक सारेच डावखुरे. डाव्या हातानं खातात, डाव्या हातानं लिहितात, पिस्तूलही डाव्यानंच. बायजाबाई म्हणे, त्यांच्या देशात तशीच रीत असंल. ठीक आहे. पण त्या अख्ख्या गावात उजव्या हाताचा माणूस एकच, तो लोहार दाढीवाला. हातोडा उजव्यानं, पाणी उजव्यानं. आणि डावखुऱ्याले शोधत आलेला तो घोडेवाला नेमका त्याच एकट्याले मारते! टोपीवाला डॉक्टर डावखुरा, तो उभा राहून पाहते. दाढीवाल्याची बायको दारात आली तेव्हा आमच्या बाजूले कोणाचे डोळे कोरडे नव्हते. निर्दोष माणूस मेला वं.

घरी आल्यावर मी यायले, तुझ्या भाऊजीले, म्हटलं. हे म्हणाले, तुले काही दिसतच नाही, तो दाढीवालाच होता. मी म्हटलं, कसा काय? तर हे हसले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर साऱ्या बायका एका बाजूनं आणि घरोघरचे नवरे एका बाजूनं असं झालं. बायजाबाईच्या घरी तर त्यावरून स्वयंपाक उशिरा झाला.

हे ते पिक्चर तीनदा पाहून आले. काल म्हणाले, "पाहिलं? तो किती दिवस थांबला. आपणही थांबू. वऱ्हाड बसलं की मी उभा राहीन, तू फक्त पाहिलं ते बोल." पुष्पलता परवा हळद कुटाले मदत मागाले आली होती. मी जाऊ की नको, समजून नाही राहिलं.

म्हणून मले लवकर कळव. दाढीवाला दोषी होता की नाही?

तुझी ताई
कुसुम


सक्करदरा, नागपूर
१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी चकित झाले. सगळे गोरे डावखुरे कसे असतील? इथे कॉलेजजवळच्या चर्चमधले गोरे पाद्री मी लहानपणापासून पाहते, ते आपल्यासारखेच उजव्या हाताने लिहितात. तरी तुझ्यासाठी म्हणून मी काल पुन्हा सदरला गेले. या वेळी एकटी. दारावरचा माणूस म्हणाला, "बहनजी, फिर से?" मी म्हटलं, अभ्यास आहे.

या वेळी मी त्या घोडेस्वारासारखे फक्त हात पाहिले. दाढीवाला हातोडा डाव्या हाताने धरतो. पाण्याचं भांडं डाव्या हाताने उचलतो. शेवटच्या प्रसंगात पिस्तुलाकडे जातो तो डावाच हात. डॉक्टर उजवा. बाकी सगळं गाव उजवं. यात शंकेला जागाच नाही.

रागावू नकोस, पण तंबूत गर्दी असते, मुलं रडत असतात, भैयाजींचा माइक चालू असतो. अशा वेळी नजर चुकते. दाढीवाल्याच्या बायकोचं दुःख पाहून तुम्हा सगळ्यांना तो निर्दोष असावा असं वाटलं असेल. माणूस जे पाहायचं ठरवतो तेच पाहतो, असं आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात होतं.

तेव्हा भाऊजींचं बरोबर आहे. दाढीवाला दोषीच होता.

शामला


भिवापूर
२६ मार्च

चि. शामला,

तुझं मानसशास्त्र मी बायजाबाईले वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिले म्हण, आम्ही पोरं सांभाळून दूध उतू जाऊ देत नाही, तर आम्हाले हात दिसणार नाही काय?"

तू एकटीनं पाहिलं, आम्ही मिळून पाहिलं. तुले खोटं वाटते म्हणून आम्ही साऱ्याजणी परत गेलो. ठरवून गेलो. बायजाबाईनं दाढीवाल्याचा हात धरला, म्हणजे तिनं फक्त तोच पाहाचा. मी डॉक्टरचा. तिची मोठी सून घोडेवाल्याचा. सुरुवातीची नावं येतात, ती नेहमीप्रमाणे उलटी, तेवढ्यात पोरायले झोपवून घेतलं. मंग एक क्षण पापणी हलवली नाही. भैयाजीनं मध्ये पडद्यावर पाणी मारलं तर वाऱ्यानं सारे तुषार आमच्या तोंडावर आले, तरी कोणी पदर वर नेला नाही. दाढीवाला उजवा. उजवा म्हणजे उजवा. माझ्या कुंकवाची शपथ घेऊन सांगते.

तू मले लहानपणी विचारायची, ताई हा पक्षी कोणता, हे झाड कोणतं. तेव्हा माझ्या डोळ्यांवर तुझा विश्वास होता. आता बी.ए. झाल्यावर माझे डोळे कमी झाले काय?

यायनं काल पेटीतून लग्नाचं धोतर काढून ठेवलं. नत्थूजीकडून पत्रिका आली. यायनं ती घेतली आणि कोनाड्यात ठेवली. लग्न सहा मे चं आहे.

तुझी
ताई


सक्करदरा, नागपूर
१ एप्रिल

ताई, ताई,

मी तुझी पाया पडून माफी मागते. तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि चौथ्या वेळी दोन गोष्टींवर अडखळले. नावं "नेहमीप्रमाणे उलटी" का? आणि पडद्यावर मारलेल्या पाण्याचे तुषार तुमच्या तोंडावर कसे? पुन्हा मिरची घेऊन आलेल्या गणपतरावांना मी गाठलं. ते सहज म्हणाले, "तंबूत पडदा मधोमध असते, पोरी. माणसं पुढं, बायका मागं. मागून साफ दिसावं म्हणून तर पडदा ओला करतात."

तू हे कधी लिहिलंच नाहीस! तुला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. मी इथे बसून तुझी नजर तपासत होते आणि तू पडद्याच्या पलीकडे बसली होतीस.

मी लगेच करून पाहिलं. आईचं पातळ दोरीवर टाकलं, कागदावर एक माणूस काढून त्याच्या हातात हातोडा दिला आणि तो उन्हात पातळाला टाचला. पुढून पाहिलं तर हातोडा डाव्या हातात, मागून पाहिलं तर उजव्या! अक्षरं उलटी होतात हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. अक्षरांबरोबर हातही उलटे होतात, हे मात्र कोणाच्याच मनात आलं नाही. म्हणजे तुझे डोळे खरे, बायजाबाईचे डोळे खरे, माझेही खरे. तुमच्या बाजूला सगळं जग डावखुरं झालं आणि एकटा डावखुरा दाढीवाला उजवा झाला. भैयाजी मात्र पुढच्या बाजूचं सांगत होते. मला इतका आनंद झालाय की मी लतिकाकडे धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या भाषणात हेच सांग.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं. दाढीवाला दोषी होता. तू निश्चिंत राहा.

तुझी वेडी
शामला


सक्करदरा, नागपूर
२४ एप्रिल

प्रिय ताई,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही.

माझं भाषण झालं. तंबूची गंमत सांगितली तेव्हा सगळ्या पोटभर हसल्या. मग मी माझा न्यायाचा मुद्दा मांडला. संपल्यावर यमुताईंनी, त्या आमच्या जुन्या मुख्याध्यापिका, एकच गोष्ट विचारली. "सबंध सिनेमात त्या लोहाराला कोणी काही विचारतं का गं?" सिनेमा उतरायच्या आत म्हणून मी परवा तिसऱ्यांदा गेले. कोणीच विचारत नाही, ताई. तो घोडेस्वार इतकी वर्षं हात पाहतो, पण "तू त्या माळावर होतास का?" एवढंसुद्धा विचारत नाही. शिवाय आई जमिनीवर पडलेली असते, तिच्या डोळ्यांवर सूर्य असतो. तिला काय दिसलं असेल? पहिल्या दोन वेळी मला हे दिसलंच नव्हतं, कारण मला फक्त त्याचा धीर पाहायचा होता.

घरी येताना बसमध्ये माझ्या मनात एक आलं आणि तेव्हापासून ते जात नाही. तू पालाच्या आत होतीस. सावली पालावर होती. तो माणूस पालाकडे तोंड करून उभा होता की पाठ करून, हे तुला कशावरून कळलं?

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, सांगायला भीती कसली. ते पत्र तुझ्याजवळ असेल तर त्यावर विसंबू नकोस. लगेच उत्तर लिही.

शामला


भिवापूर
९ मे

चि. शामला,

तुझं चोवीस तारखेचं पत्र मिळालं, पण ते यायच्या आधीच मी त्याच प्रश्नाशी बसली होती. तुझं पातळ आणि हातोडा वाचून साऱ्या बायका हसल्या, मी पण हसली. मंग रात्रीचं जेवण वाढता वाढता माझा हात थांबला. सावलीले तर तोंड नसते वं.

कोणाले बोलली नाही. पत्र लिहाले घेतलं की काय लिहू समजे नाही. आधी पिक्चरचं सांगते. आम्ही साऱ्याजणी भैयाजीकडे गेलो आणि म्हटलं, आम्हाले एकदा पुढून पाहू दे. तो कुरकुरला, माणसं काय म्हणतील म्हणे. बायजाबाई म्हणाली, "मंग पुढच्या पिक्चरले तुझ्या मागच्या बाजूले तू एकटाच बस." त्यानं मधोमध दोरी बांधून दिली आणि आम्ही पुढं बसलो. नावं सुलटी आली ती मी पहिल्यांदा वाचाले गेली, तर ती इंग्रजीत! दाढीवाला डावखुरा निघाला. तुझंच खरं. पण त्याची बायको दारात आली ना, शामला, ती दोन्ही बाजूनं तशीच दिसते.

दुसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या वेळी मी अंगणात यायचं धोतर दोन खांबांना बांधलं, जसं शेतात होतं तसं. बायजाबाईले बाहेर उन्हाच्या बाजूले उभं केलं आणि तिले सांगितलं, एक हात वर कर आणि तसाच ठेव. यायले आत बसवलं. हे वैतागले, म्हणाले, काय पोरखेळ करून राहिली. मी म्हटलं, सावली पाहा आणि सांगा, कोणता हात?

हे लगेच म्हणाले, "डावा."

मी म्हटलं, पक्कं?

"मले काय दिसत नाही? डावा."

मी म्हटलं, आता बाहेर या. हे बाहेर आले. बायजाबाई धोतराकडे तोंड करून उभी होती, आणि तिचा उजवा हात वर होता. भाकरीचं पीठ लागलेला. ती म्हणाली, "भाऊ, आता खाली करू काय? दुखून राहिला."

हे परत आत गेले, परत बाहेर आले. तिले पाठमोरी उभी केली, डावा हात वर कराले लावला, आत जाऊन पाहिलं. सावली तशीच. मंग मी सांगितलं की मले हात दिसला, माणूस दिसला नाही. मी त्या दिवशी डावा म्हटलं, कारण तो माझ्या डाव्या अंगाले होता, आणि डावा म्हटल्यावर नत्थूजीचं नाव तुम्ही घेतलं, मी नाही घेतलं. मी लग्नात उभी राहणार नाही. उभी केली तर म्हणीन, मले माहीत नाही.

हे चिडले. म्हणाले, मंग मिरची कोणी जाळली? वर्षाची मेहनत गेली, गावभर ठसका लागला, ती काय आपोआप जळली? मी म्हटलं, ते मले माहीत नाही. एवढं एक वाक्य तोंडातून काढाले मले जानेवारीपासून मे लागला. त्यानंतर हे माझ्याशी बोलले नाहीत. लग्नाच्या दिवशी पेटीतलं धोतर नेसले आणि निघाले. मी मागून गेली. पूर्ण वाट मले माहीत नव्हतं की हे काय करतील. माझ्याशिवायही हे उभे राहू शकत होते.

वऱ्हाड बसलं. मंगलाष्टकं झाली. हे खांबाले टेकून उभे होते, दोन वेळा पुढं झाले, दोन वेळा परत खांबाशी गेले. अक्षता पडल्या. पुष्पलता खाली पाहून उभी होती. यायनं मुठीतल्या अक्षता टाकल्या, सगळ्यायच्या नंतर टाकल्या, पण टाकल्या.

मंग पंगत बसली. मुलीचा बाप म्हणून नत्थूजी स्वतः वरण वाढत होते. पंगतीत डाव्या हातानं वाढता येत नाही, म्हणून ते लहानपणापासून उजव्यानंच वाढतात, आणि त्यायच्या हातात ओगराळं नेहमीच हलते. साऱ्या गावाले माहीत आहे, कोणी हसत नाही. ते एकेका पानावर वाढत यायच्यापाशी आले आणि थांबले. जानेवारीपासून दोघं समोरासमोर आले नव्हते. नत्थूजीनं वाकून ओगराळं पुढं केलं, हात हलला आणि अर्धं वरण यायच्या लग्नाच्या धोतरावर सांडलं.

यायनं धोतराकडे पाहिलं. मंग नत्थूजीच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. आणि म्हणाले, "डाव्यानं वाढ गा. मले चालते."

तुझी ताई
कुसुम